सर्वानुमते मंजूर झालेली फरशी

तुमच्या घरातली फरशी कोणी निवडली? पैसे कोणी भरले ते मी विचारत नाही. दुकानात जाऊन बोट कोणी ठेवलं, 'हीच' असं कोण म्हणालं, आणि त्या वेळी घरात सगळ्यांत जास्त चालणारं माणूस कुठे होतं?

आमच्या घरातलं ते माणूस आत चहा टाकत होतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात नोकरीला होते आणि कारखान्यापेक्षा जास्त युनियनमध्ये होते. मला वाचता यायला लागलं ते 'कामगार बंधू-भगिनींनो' या शब्दांवर. रात्रीची जेवणं झाली की ताटं उचलायची, जागा पुसायची आणि तिथेच बसून दुसऱ्या दिवशी गेटवर वाटायच्या पत्रकांच्या घड्या घालायच्या. नखाने घडी कशी दाबायची हे मला बाबांनी शिकवलं. पुढे मी स्वतः लिहायला लागले. खाडीतल्या प्लास्टिकवर लिहिलेलं माझं पहिलं पत्रक मी आमच्या सेक्टरमध्ये दारोदार वाटलं होतं. निम्म्या लोकांना वाटलं, नवीन पिझ्झावाला आला.

घरातही सगळं युनियनच्या पद्धतीनं चालायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी बैठक. बाबा, दादा आणि मी हॉलमध्ये. विषय मांडायचा, बाजूनं आणि विरोधात बोलायचं, हात वर करायचे, ठराव वहीत लिहायचा. मी कुठल्या शाखेत जायचं हेही हात वर करून ठरलं आणि माझ्या बाजूनं ठरलं. कॉलेजातल्या मैत्रिणी त्यांच्या वडिलांच्या आरडाओरड्याच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा मी मान ताठ करून म्हणायचे, आमच्या घरात लोकशाही आहे.

मी बारावीत होते तेव्हा वाशीतल्या आमच्या त्या जुन्या फ्लॅटचं काम काढलं. मोझॅकच्या लाद्या होत्या, वापरून वापरून मंद पडलेल्या, पायाला किंचित खरबरीत. त्या उखडून पांढऱ्याशुभ्र, आरशासारख्या टाइल्स घालायचं ठरलं. बाबा म्हणाले, धूळ लगेच दिसेल, घर स्वच्छ राहील. दादा म्हणाला, सगळे हेच घालतात. मी म्हणाले, खिडकीतला उजेड खाली पडून दुप्पट होईल, घर मोठं वाटेल. तीन हात वर झाले. घर खरंच मोठं वाटायला लागलं. मी त्या फरशीवर बसून अभ्यास केला, पुढे लेख लिहिले, समतेवर भाषणं तयार केली.

गेल्या वर्षी गौरी यायच्या आदल्या दिवशी आई स्वयंपाकघराच्या दारात घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर काढताना डॉक्टर बाबांना म्हणाले, "हाडं ठिसूळ झालीत. या वेळी मनगटावर भागलं. पुढच्या वेळी खुबा जाईल, आणि या वयात खुबा गेला की माणूस पलंगाला खिळतं." मग आईकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "काकू, आता पडायचं नाही हं!" जणू ती हौसेनं पडली होती.

म्हणजे फरशी बदलायची. दादा नोकरीसाठी बाहेरगावी गेलेला, त्यामुळे बैठकीला बाबा आणि मी. बाबांच्या मनात न घासलेला कोटा दगड होता. पण आमच्या खालच्या मजल्यावर आधीच गळती सुरू झाली होती आणि सोसायटीनं तोडफोडीला साफ नकार दिला होता. मग शेजारच्या काकांनी तोडगा सुचवला. आहे त्या टाइल्सवरच बसणाऱ्या पट्ट्या मिळतात, 'लक्झरी व्हिनाइल' म्हणतात त्याला, दोन दिवसांत काम होतं.

मी भडकले. व्हिनाइल म्हणजे प्लास्टिक. ज्या खाडीच्या काठावर आपण राहतो तिच्या खारफुटीच्या मुळांना प्लास्टिक लटकलेलं रोज दिसतं, आणि आपण तेच घरभर अंथरायचं? वर त्याला लक्झरी म्हणायचं? चैन कोणाची आणि कचरा कोणाच्या दारात? मी चांगलं पंधरा मिनिटं बोलले. बाबा मान डोलावत होते. मुद्देसूद बोललं की त्यांना आवडतं, मग मुद्दा काही का असेना.

आतून आईचा आवाज आला, "मला एकदा पाय लावून बघायचंय."

"बघून या दोघी," बाबा म्हणाले. "निर्णय पुढच्या बैठकीत."

दुकान वाशीतच होतं, घाऊक बाजाराच्या पलीकडे. आत थंडगार एसी आणि रबरासारखा वास. भिंतीवर पुस्तकं लावावीत तशा पट्ट्या उभ्या लावलेल्या. सागवान, अक्रोड, शिसव, सगळ्यांची नावं लाकडाची आणि लाकूड एकातही नाही. माझ्याच वयाचा, टाय लावलेला विक्रेता पुढे आला.

"या आँटी. हा बघा प्रीमियम माल. फुल वॉटरप्रूफ. वीस वर्षं नो टेन्शन."

"हे सागवान आहे?" मी मुद्दाम विचारलं.

"सागवानचा लुक आहे, मॅडम. वर ट्रान्स्परंट कोटिंग, खाली लाकडाचा फोटो."

"म्हणजे लोक फोटोवर चालतात?"

"एचडी फोटो आहे मॅडम."

मी त्याला फोटोखाली काय आहे ते विचारलं. तो म्हणाला, पीव्हीसी. मी विचारलं, जुनं झाल्यावर याचं काय करायचं? तो म्हणाला, "नवीन टाकायचं." मी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तर आई म्हणाली, "तुझं पत्रक वाटून झालं असेल तर जरा माझी पिशवी धर."

तिनं चपला काढल्या. चार पट्ट्या निवडून एकापुढे एक जमिनीवर मांडायला लावल्या. मग पिशवीतली पाण्याची बाटली घेतली, झाकण उघडलं आणि चारही पट्ट्यांवर पाणी ओतलं.

"अहो आँटी! शोरूम आहे हे!"

"वॉटरप्रूफ म्हणालास ना?"

माझा हात धरून आई पहिल्या पट्टीवर उभी राहिली, अंगठ्यानं दाबून बघितलं आणि म्हणाली, "ही नको." दुसरी चकचकीत होती, तिच्यावर तिनं नुसती टाच टेकवली आणि मान हलवली. तिसरीवर पाय सरकला. माझ्या दंडात तिची बोटं इतक्या जोरात रुतली की संध्याकाळपर्यंत वळ होते. चौथी फिकट राखाडी, हाताला बारीक वाळूसारखी लागणारी, कसलाही फोटो नसलेली. आई तिच्यावर उभी राहिली. पाय मागेपुढे घासून बघितला. "याच्या आणखी पट्ट्या आहेत? चालता येईल एवढ्या?"

त्यानं सात-आठ पट्ट्या जोडून दिल्या. आईनं उरलेलं पाणी त्यांवर सांडलं, माझा हात सोडला आणि चालली.

ती भरभर चालली. टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. हात दोन्ही बाजूंना मोकळे. मी पिशवी धरून बघत राहिले. ही चाल मला माहीत होती. शाळेत सोडताना मला धावायला लावणारी तिची चाल. ती कधी थांबली? घरात तर ती सावकाश चालते, पावलं मोजून. मी त्याला वय म्हणत होते.

"आँटी, हा कलर कोण घेत नाय," विक्रेता म्हणाला. "एकदम प्लेन आहे. वूडवाला घ्या, डाग दिसत नाहीत."

"तेच तर," आई म्हणाली. "वूडवाल्यावर सांडलेलं पाणी पण दिसत नाही. याच्यावर दिसतं."

दुकानात रोज फरशी विकणाऱ्या माणसाला हे सुचलेलं नव्हतं. मलाही नाही.

तरी मी हट्ट सोडला नाही. बैठकीशिवाय ठरवायचं नाही, म्हणाले. राखाडी पट्टीचा आणि एका सागवानी फोटोचा असे दोन तुकडे नमुना म्हणून घेऊन आम्ही परतलो. बसमध्ये रस्ताभर मी आईला प्लास्टिकबद्दल सांगत होते आणि ती खिडकीतून बाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी लादी पुसायला आल्या. आमचा सेक्टर ज्यांच्या भातशेतीवर उभा आहे त्यांच्यातल्याच एका घरातल्या त्या, गावठाणात राहतात. आई खाली भाजी आणायला गेली होती. मी टेबलावरचे दोन तुकडे त्यांना दाखवले आणि माझी बाजू मांडायला लागले. त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. ओले हात साडीला पुसले, दोन्ही तुकडे चाचपले आणि राखाडी माझ्या पुढ्यात आपटला.

"ही घाल. मंग तरी तुजी आय पाचव्यांदा परनार नाय."

"पाचव्यांदा?"

"तुला म्हाईत नाय, बाय?"

"ती एकदा पडली. गौरीच्या वेळेला."

"ती चौथी. त्याच्या आधी तीन डाव मीच उचललीय. एकदा ओट्याजवळ, एकदा न्हानीच्या दारात, एकदा हितं, तुज्या खुर्चीच्या पाठी. तू कानात बोंडकं घालून लिवत होतीस."

मी खुर्चीकडे पाहिलं. खिडकीजवळची, मागे पाच-सहा पावलं मोकळी फरशी. तिथे माझी आई पडली होती, मी त्याच खोलीत होते, कानांत इअरफोन होते, आणि बहुतेक मी कुणाच्या तरी हक्कांवर लिहीत होते.

"ओरडली कशी नाही?"

"तोंड दाबून बसली. मला म्हनली, हिला बोलू नको, हिची परीक्षा हाय."

मावशी फडकं पिळून पुढच्या खोलीत गेल्या. मी तशीच उभी राहिले. आणि मग मला घर दिसायला लागलं. इतकी वर्षं राहत होते ते घर नव्हे, दुसरंच.

हॉलमधून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या भिंतीवर कमरेच्या उंचीवर एक मळकट पट्टा होता. दर दिवाळीला मी त्यावरून कुरकुर करायचे, भिंतीला हात का लावता रे, म्हणून. तो सगळ्यांचा हात नव्हता. जेवणाच्या खुर्च्या कधीच टेबलाखाली ढकललेल्या नसायच्या. एक इथे, एक तिथे. मी येता-जाता आत सरकवायचे आणि तासाभरात त्या परत बाहेर. त्यांच्यामधलं अंतर आता मी पावलांनी मोजलं. दोन हातांच्या टप्प्यात पुढची खुर्ची. तो तिचा कठडा होता आणि मी तो रोज काढून टाकत होते. आमटीचं पातेलं ती टेबलावर कधी आणत नाही, वाट्या भरून आणते, एकेक. एका हातात वाटी, एक हात मोकळा. आम्ही थट्टा करायचो, आई, तू वेटर झालीस का!

आणि चपला. बाबांच्या टाचेला त्रास, म्हणून ते घरात रबरी स्लिपर घालतात. मीही घालते. आई नाही. स्वयंपाकघरात देवघर आहे, तिथे चपला चालत नाहीत. आम्ही देव न मानणारे दोघं. तिला बाबा एकदाच म्हणाले होते, तुझी श्रद्धा तुझ्यापाशी, आमची आडकाठी नाही. किती उदार वाटलं होतं मला ते! घरात त्या आरशावर पाय टेकवून चालणारी ती एकटी होती आणि आमच्या दोघांच्या तळव्यांना ती फरशी कधी लागलीच नव्हती.

आई भाजी घेऊन आली. मी दारातच विचारलं, "चार वेळा पडलीस?"

तिनं आधी आत मावशींच्या दिशेनं बघितलं. मग पिशवी खाली ठेवली. "हो."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर बैठक लागली असती."

मला हसू आलं नाही. तिलाही नाही.

"आणि त्यात काय झालं असतं?" ती म्हणाली. "मी कशी चालते, बघून का चालत नाही, पाणी कसं सांडतं, यावर तुम्ही दोघं बोलला असता. तुझ्या बाबांनी मुद्दे काढले असते. मला मुद्दे सुचत नाहीत गं पटकन. मला नुसतं माहीत असतं."

"पण तेव्हाच, फरशी घालायच्या आधीच, बोलायचंस."

"बोलले होते. दारात उभी राहून म्हणाले, जास्त चकचकीत आहे. तू म्हणालीस, आई, आधी चहा दे."

मला हे आठवत नाही. आजही आठवत नाही. ती खोटं बोलत नाही, एवढंच माहीत आहे.

दुपारी मी ठरावाची वही काढली. त्या रविवारचं पान सापडलं. अक्षर माझंच, बारावीतलं, ऐटीत. उपस्थित: बाबा, दादा, मी. विषय: घरातली फरशी. ठराव: पांढऱ्या चकचकीत टाइल्स घालाव्यात. सर्वानुमते मंजूर. मी मागची पानं उलटली, पुढची उलटली. एवढ्या वर्षांच्या बैठका. एकाही पानावर उपस्थितांमध्ये आई नाही. आम्ही तिला हाकललं नव्हतं. तिनं यावं असं कुणाला वाटलं नव्हतं, इतकंच. कारखान्याच्या गेटवर 'एकही कामगार निर्णयाबाहेर राहता कामा नये' असं छापून वाटणाऱ्या घरात चार माणसं होती आणि तीन मोजली जात होती. मोजणारी मी होते.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते बोलतील. त्यांनी उठून स्लिपर काढल्या. स्वयंपाकघरात गेले, तांब्याभर पाणी दारात सांडलं आणि अनवाणी पाय टाकला. दुसऱ्या पावलाला त्यांचा पाय निसटला. त्यांनी फ्रिजचं हँडल पकडलं, दार उघडलं, आतली कोथिंबीर खाली आली. आई धावली नाही. ती धावू शकत नव्हती, त्या फरशीवर. खुर्ची धरून, भिंत धरून ती त्यांच्यापर्यंत पोचली आणि म्हणाली, "अहो, असं नाही. आधी अंगठे रोवायचे."

बाबा कोथिंबीर गोळा करत खाली बसून राहिले. गेटवर हजार माणसांसमोर बोललेला माणूस. शेवटची काडी उचलून म्हणाले, "पुढच्या बैठकीला तू बस. तुझं मत आपण..."

"मत नको," आई म्हणाली. "फरशी हवी. ती राखाडी. उद्या फोन करा त्या मुलाला."

ठराव झाला नाही. हात वर झाले नाहीत.

माझ्या तत्त्वाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. विचारलंच पाहिजे. ते आहे तिथेच आहे. व्हिनाइल प्लास्टिकच आहे, त्याला लक्झरी म्हणणं फसवं आहे, आणि एक दिवस आमच्या त्या राखाडी पट्ट्या कुठल्या तरी कचऱ्याच्या डोंगरावर जातील याची मला लाज वाटते. ती वाटलीच पाहिजे. पण माझ्या तत्त्वाची किंमत माझ्या हाडांनी चुकवावी. तिच्या खुब्यानं नाही. प्लास्टिकविरुद्ध लढायला मला रस्ता आहे, पालिका आहे, माझी स्वतःची खरेदी आहे. त्या सगळ्यांपेक्षा सोपं म्हणून मी आईचं स्वयंपाकघर निवडलं होतं, कारण तिथून विरोधी मत येत नव्हतं.

दोन कारागीर आले. टाइल्सच्या फटी भरल्या, वर पातळ थर घातला, पट्ट्या एकमेकींत खटाखट बसवल्या. दारं खालून तासावी लागली. चार-पाच दिवस वास होता, खिडक्या उघड्या ठेवून झोपलो, डासांनी फोडून काढलं. "लक्झरी," आई डास मारत म्हणाली.

मग एका दुपारी ती आमटीचं भरलेलं पातेलं दोन्ही हातांत धरून ओट्यापासून टेबलापर्यंत आली. मी आणि बाबा आपोआप उठून उभे राहिलो.

"बसा," ती म्हणाली. "आमटीच आहे. पालखी नाही."

आता एक काम तुम्ही करा. हे वाचून ठेवून द्या आणि तुमच्या घरात जे माणूस अनवाणी चालतं त्याच्याकडे जा. 'पडलीस का कधी?' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'छे, नाही' असंच येतं. 'किती वेळा पडलीस?' असं विचारा. लादी पुसायला कुणी येत असेल तर त्यांनाही विचारा, बाजूला घेऊन. दोन आकडे जुळले नाहीत तर मोठा खरा माना, कारणं विचारू नका, मुद्दे काढू नका. तिला घेऊन दुकानात जा. पाण्याची बाटली भरून न्या.